ठमाकाकीच्या छातीला लागलेलं पाणी

आमच्या गावात खाडीचं पाणी फुटात मोजत नाहीत. माघी पौर्णिमेला तर नाहीच. त्या दिवशी ते ठमाकाकीच्या अंगावर मोजतात.

गाव पेणच्या पश्चिमेला, खारेपाटात. गावामागे बांध, बांधामागे खाडीचा एक फाटा आणि फाट्यापलीकडे, तिवरांच्या आड, बापदेवाची घुमटी. माघी पौर्णिमेला देवाला नैवेद्य असतो, आणि तो पाण्यातून चालत जाऊन द्यायचा अशी रीत आहे. पौर्णिमेची सुकती मोठी, पाणी पार खाली उतरतं, आणि उजाडता उजाडता फाट्यात एक वाट मिळते. डोळ्यांना दिसणारी नव्हे, पायांना लागणारी. दोन्हीकडे मांडीभर चिखल आणि मध्ये शिंपल्यांचा कठीण पट्टा. त्याला उतार म्हणतात.

उतारावर पहिलं पाऊल ठमाकाकीचं. ती एकटी मध्यावर जाऊन थांबते. देवाची पूजा करणारा महिपती बांधावरून हाक मारतो, "कुठवर?" ती म्हणते, "पोटाला." मग सगळं गाव पोरांना खांद्यावर आणि टोपल्या डोक्यावर घेऊन पाण्यात शिरतं. पण ती "छातीला" म्हणाली, तर त्या वर्षी कोणी उतरायचं नाही. नैवेद्य टेंपोतून जायचा, लांबच्या रस्त्यानं, पुलावरून.

तिच्याआधी हे माप तिच्या सासूचं होतं. माझ्या लग्नापासून दरवर्षी मी "पोटाला" हेच ऐकत आले. मग एका वर्षी ती "छातीला" म्हणाली. पुढच्या वर्षीही. त्याच्या पुढच्याही.

मी मूळची रोह्याची. कुंडलिकेच्या काठी वाढले, तिथल्याच कॉलेजात बी.ए. केलं. नदी मला ठाऊक होती. नदी एकाच दिशेला जाते, तिचा भरवसा वाटतो. इथे लग्न होऊन आले आणि पाहिलं की खाडी जाते आणि परत येते. घरातलं कुणी रागावून गेल्यासारखी जाते, आणि काहीच झालं नाही अशी परत दाराशी येते. मला तिची भीती बसली. ती अजून गेलेली नाही.

अंगावरची हळद उतरायच्या आत शेजारची ठमाकाकी आमच्या घरात आली. तिनं मला उठवून उभं केलं, खांद्याला खांदा लावला, आणि तळहात आडवा धरून दोघींच्या डोक्यांवरून फिरवला. हात कुठे अडला नाही, कुठे खाली उतरला नाही.

"बग गो," ती माझ्या सासूबाईंना म्हणाली, "तुजी रोहेकरीन माज्याच मापाची. मी गेली म्हंजे उतार हिला."

"आल्या आल्या पोरीला मरनाच्या गोष्टी कसल्या सांगतंस?"

"मरनाच्या कुटं? पान्याच्या सांगतंय."

त्या वर्षीच्या पौर्णिमेला, सगळे पार झाल्यावर ती मला न्यायला परत आली, आणि मी डोळे मिटून, तिचा पदर धरून फाटा ओलांडला. मध्यावर ती म्हणाली, "आता उघड डोले." मी उघडले. पाणी पोटाशी होतं, धुक्यात चंद्र मावळत होता, दुसरीकडे सूर्य वर येत होता, आणि दोन्हींच्या मध्ये आम्ही एकाच उंचीच्या दोन बायका. भीती होतीच, पण तिच्या कडेला काहीतरी चमकत होतं. तेवढं एक दृश्य मी अजून वापरते. माझ्या मुलीला, नम्रताला, यायला उशीर झाला, फोन लागला नाही, की मी डोळे मिटून त्या मध्यावर जाऊन उभी राहते.

ठमाकाकीचं आयुष्य सांगायचं तर ते मिठातून सुरू होतं. तिचा बाप मिठागरावर, नवरा जनूकाका मिठागरावर, आणि ती लहानपणापासून दोघांच्या मध्ये कुठेतरी टोपली घेऊन. मिठागराची जमीन आधी पायांनी तुडवून घट्ट करतात. ओळीनं उभं राहायचं आणि टाच दाबत दाबत सरकायचं. ती म्हणायची, तुडवताना झोप लागते, आणि झोपेतही पाय चालतात. मग भरतीचं पाणी आत घ्यायचं, उन्हाला द्यायचं, आणि एका सकाळी पाण्यावर साय धरल्यासारखं मीठ धरतं. लांब दांड्याच्या फळीनं ते ओढायचं, टोपलीत भरायचं, डोक्यावरून राशीवर नेऊन ओतायचं. मी आले तेव्हा हे अजून चालू होतं. चैत्रातल्या दुपारी त्या पांढऱ्या राशींतून बायका चालताना पाहिल्या, की उन्हात तरंगतायत असं वाटायचं. पाय दिसायचे नाहीत.

बांधावर, उताराच्या तोंडाशी, दोन उभे दगड आणि त्यांवर एक आडवा दगड आहे. विसाव्याचा दगड म्हणतात. डोक्यावरचं ओझं कुणाच्या हाताशिवाय त्यावर सरकवायचं, दम घ्यायचा, आणि परत डोक्यावर ओढून चालू लागायचं. ठमाकाकीच्या डोक्याला तो दगड अगदी बरोबर लागायचा. दुसऱ्या बायकांना टाचा उंच कराव्या लागत, नाहीतर वाकावं लागे. ती नुसती जवळ जायची, मान जराशी कलवायची, आणि टोपली आपोआप दगडावर जायची.

पुढे मिठागरं बंद होत गेली. बांध फुटले, आत खारं पाणी घुसलं, तिथे तिवरं उगवली. जनूकाका घरी बसला. मुलगा हिरामण नागोठण्याकडे कंपनीत लागला. ठमाकाकी मात्र खाडीतच राहिली. सुकतीला शिंपल्या वेचायच्या, टोपली डोक्यावर घ्यायची, बांधावरून घरी. आम्ही नम्रताच्या शिक्षणासाठी पेणमध्ये राहायला गेलो, तरी शनिवार-रविवार गावाला जायचोच. नम्रताला पहिल्यांदा उतार पार करवला तो ठमाकाकीनंच, सगळे गेल्यावर परत येऊन. डोक्यावर टोपली, टोपलीत भाकऱ्यांच्या शेजारी ही. मी मागून जीव मुठीत धरून. ही टोपलीतून वाकून पाण्यात स्वतःला बघत होती.

मग ती तीन वर्षं आली.

पहिल्या वर्षी लोक नुसते चकित झाले. दुसऱ्या वर्षी बोलायला लागले. कोणी म्हणालं, खाली मोठ्या खाडीत गाळ काढतात, त्यानं फाटाही खणला जातोय. कोणी म्हणालं, समुद्रच वर येतोय, मोबाईलवर दाखवतात. आणि ते पटण्यासारखं होतं. आमच्याकडे जमीन खरोखरच खचते, बांध खरोखरच फुटतात, कालचं शेत आज पाण्याखाली जातं. इथल्या माणसाला पाणी वाढलं असं सांगितलं तर तो पुरावा मागत नाही.

हिरामण तेवढा पाण्यात उतरला होता. मध्यावर उभा राहून ओरडला, "आये, मना तर कंबरच भिजलीय."

"तुजी कंबर तुज्या बापासारी, उंटाची," काकी बांधावरून म्हणाली. "देवाचं माप तुज्या कंबरेनं नाय घेत."

सगळे हसले. रीत ती रीत. ज्याच्या त्याच्या अंगाचं माप धरलं तर पाण्यापेक्षा भांडणंच जास्त.

पण मला तिनं एकदा एकटीला सांगितलेलं आठवतं. आम्ही बांधावर बसलो होतो. ती खाडीकडे न बघता म्हणाली, "रोहेकरीन, काय तरी येगलंच हाय बग. गुडघ्याचं पानी तसंच हाय. मांडीचं पन तसंच, वलखीचं. त्याच्या वरचं पानी मातर नवीन हाय. मना वलखत नाय."

मला काटा आला. मी म्हटलं, "मध्येच खणलं गेलं असेल."

"आसंल," ती म्हणाली. पण तिचा चेहरा रुसलेल्या माहेरच्या दारातून परत आलेल्या बाईसारखा होता.

त्याच दिवसांत तिच्या बाकीच्या तक्रारी सुरू झाल्या, आणि आम्ही त्यांवर हसायचो. लुगड्याचा पदर लांब पडतो, जमिनीला लागतो. म्हणून पेणच्या दुकानदाराशी तिनं भांडण केलं की तू आता लांब लुगडी विणून घेतोस, म्हाताऱ्या बायकांना पाडायला. विसाव्याच्या दगडाला टोपली लागेना. म्हणाली, बांधाची माती वाहून गेली, दगड वर राहिला. पाठ दुखते, ती थंडीनं. जनूकाका म्हणायचा, "सगलं जग बदललं, ही तेवडी हाय तशीच."

नम्रता आता रोह्याला असते, म्हणजे रोज पेणहून आगगाडीनं जाते-येते. एका संस्थेची गाडी आहे, गावोगाव जाऊन छातीचे फोटो काढते, क्षय शोधायला. त्या गाडीत ती एक्स-रे काढते. मी पहिल्या दिवसापासून तिच्यामागे आहे, की त्या किरणांचं काय, जड एप्रन घालतेस का, संध्याकाळची गाडी चुकली तर काय. ती म्हणते, "आई, तुझ्या काळजीला क्षय झाला तरच मला सुट्टी."

फोटो निघाला की तो डॉक्टरांच्या आधी संगणक वाचतो. नम्रता त्याला एआय म्हणते. तिनं मला समजावलं होतं: त्याला लाखो माणसांच्या छातीचे फोटो दाखवलेत, कुणाला काय होतं तेही सांगितलंय, आणि त्यातून तो सावल्या ओळखायला शिकलाय. मला त्याचं एक चित्रच मनात बसलं. कुणीतरी न झोपणारं, पापणी न हलवणारं, एकामागून एक अनोळखी माणसांच्या छात्यांत बघत बसलंय. भीतीही वाटली आणि कीवही आली.

पावसाळा सरल्यावर ती गाडी आमच्या गावच्या शाळेत आली. ठमाकाकीला खोकला होता, म्हणून हिरामणच्या बायकोनं तिला ओढत नेलं. काकी यंत्रासमोर छाती लावून उभी राहिली आणि नम्रताला म्हणाली, "काय गो, टोपलीत बसून मुतलीस माज्या डोक्यावर, ता दिसंल का यात?" रांगेतल्या बायका हसून हसून खाली बसल्या.

फुप्फुसं स्वच्छ निघाली. पण अहवालात खाली आणखी एक ओळ होती. त्या वर्षी संगणकाला नवीन काम जोडलं होतं. फोटो फुप्फुसांसाठी काढलेला असला, तरी त्यात बरगड्या येतात, गळ्याची हाडं येतात. त्यांच्या सावलीवरून तो हाडं कितपत भरीव आहेत याचा अंदाज करतो. ओळ अशी होती: हाडं वयाच्या मानानं फार विरळ असण्याची शक्यता, घनतेची तपासणी करावी.

"शक्यता," नम्रता मला घरी सांगत होती. "एआय फक्त बोट दाखवतं, आई. ते चुकूही शकतं. नक्की करायला वेगळी तपासणी लागते. पण ठमाआजी ऐकतच नाही. आणि परवा म्हणाली, या माघीला ती पुन्हा मध्यावर जाऊन बघणार. तिथल्या चिखलात पाय सरकला आणि हाडं खरंच तशी असली, तर खुब्याचं हाड मोडेल. मग ती उठणार नाही."

हे बोलताना तिचा आवाज लहान झाला होता. इतके फोटो काढले तिनं, पण ज्या डोक्यावर बसून ती पाणी ओलांडून गेली, त्या माणसाचा फोटो पहिल्यांदाच.

त्या रविवारी आम्ही दोघी काकीकडे गेलो. ती ओटीवर शिंपल्या फोडत होती, जनूकाका खाटेवर.

"हाडं विरळ?" ती म्हणाली. "माजी हाडं मिठात मुरलेली हायेत गो. लोनच्याला बुरशी लागती का?"

"ठमाआजी, दुखत नाही म्हणून कळत नाही. आतून हळूहळू—"

"मी कवा पडलीय? सांग. येवड्या वर्सात चिखलात कवा पडलीय?"

"तिची जीभ तपासा," जनूकाका म्हणाला. "तिला हाडच नाय."

"तुमी गप ऱ्हावा. तुमचा फोटू काडला तर सगलीकडं दारूच दिसंल." मग तिनं शिंपली खाली ठेवली. हसणं संपलं होतं. "पोरी, तीन वरसं देवाकडं टेंपो जातंय. माज्या तोंडातून सबूद गेला म्हनून. खाडी खरंच वाढली का माजं काय चुकलं, ता मना या माघीला बगूनच घ्यायचंय. मंग तुज्या तपासन्या."

आम्ही परत आलो. मला एक स्वप्न पडलं. फाट्यात पाणी आरशासारखं स्थिर. ठमाकाकी मध्यावर उभी, आणि तिच्या आरपार दिसत होतं. बरगड्या तिवरांच्या मुळांसारख्या पांढऱ्या, त्यांच्यामधून बारीक मासे जात-येत होते. मी काठावरून विचारत होते, कुठवर? ती म्हणत होती, पोटाला. मग म्हणाली, छातीला. मग गळ्याला. मी पाण्याकडे पाहिलं, तर पाणी जिथल्या तिथे होतं, विसाव्याच्या दगडाखालची ओली रेघसुद्धा हलली नव्हती. ती मिठासारखी खालून विरघळत होती, शांतपणे, काही न दुखता.

जागी झाले तेव्हा उजाडत होतं, आणि माझ्या डोक्यावर तो जुना तळहात आडवा फिरल्यासारखा वाटला.

मी एकटीच गावाला गेले. काकी अंगणात पाणी तापवत होती. मी म्हटलं, "काकी, जरा उभी राहा. माझ्या बाजूला."

"कशाला?"

"लग्नात राहिली होतीस तशी."

ती हसली आणि उठली. खांद्याला खांदा लावायला गेली, तर तिचा खांदा माझ्या दंडाला लागला. तिनंच सवयीनं तळहात आडवा धरला, स्वतःच्या डोक्यावर ठेवला आणि माझ्याकडे सरकवला. हात माझ्या कानाला येऊन अडला.

तिनं हात काढला आणि पुन्हा तसाच सरकवला. पुन्हा कान.

"तू वाढलीस का गो?" ती म्हणाली.

"या वयात कोण वाढतं काकी?"

अंगणात चुलीचा धूर होता, आणि धुरात ती उभी होती, हात अजून माझ्या कानाशी. तिच्या डोळ्यांत मला एकामागून एक गोष्टी जागेवर जाताना दिसल्या. पदर. दगड. ओळखीचं पाणी आणि अनोळखी पाणी. मी सांगितलं, जेवढं नम्रताकडून मला कळलं होतं तेवढं. पायांची लांबी तशीच राहते. पाठीचे मणके विरळ होऊन दबतात, तेव्हा कमरेच्या वरचं अंग खाली येतं.

"म्हनून मांडीचं पानी तसंच," ती म्हणाली.

"म्हणून."

ती चुलीपाशी बसली. मला वाटलं रडेल. पण तिनं लाकूड आत सारलं आणि म्हणाली, "मंग खाडी नाय वाढली."

"नाही."

"तिनं काय केलं नाय."

"नाही काकी."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि मग डोळ्यांना पदर लावला. "मी तीन वरसं तिला शिव्या घालतंय."

रोह्याला डॉक्टरांकडे जायला ती स्वतः तयार झाली. पेणहून आम्ही आगगाडीत बसलो, तिला खिडकीची जागा दिली. डबा अर्धा रिकामा. कासू स्टेशन गेलं, शेतांत वालाची हिरवी पट्टी लागली, मग नागोठण्याशी अंबा नदी. ती काचेला कपाळ लावून बघत होती. "पानी वरून किती सादं दिसतंय," म्हणाली. नंतर झोपली, आणि तिचं डोकं माझ्या खांद्यावर सहज मावलं. पूर्वी मावलं नसतं. मी रोह्यापर्यंत हलले नाही.

डॉक्टरांनी पाठीचा बाजूनं फोटो काढून घेतला. त्यात तीन मणके पुढून चेपलेले होते, काठ दाबलेल्या भाकरीसारखे. "कधी मोडले हे?" त्यांनी विचारलं. काकी म्हणाली, "मना कुटं ठावं? सांगून नाय गेले." डॉक्टर म्हणाले, बहुतेकांना कळतच नाही, पाठ दुखली असं म्हणून सोडून देतात. छातीच्या फोटोनं बोट दाखवलं नसतं, तर कळलं असतं ते खुबा मोडल्यावर. पुढे पनवेलला घनतेची तपासणी झाली, तिनं सगळं पक्कं केलं. मग औषध ठरलं: वर्षातून एकदा शिरेतून द्यायचं, सोबत कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व. डोक्यावर ओझं नाही. चिखलात जायचं नाही.

"याच्यानं मी परत उंच व्हनार?" तिनं विचारलं.

"नाही आजी. गेलेली उंची येत नाही. पण आणखी कमी व्हायला अटकाव होईल."

"म्हंजे हाय तितं थांबंल."

"तसा प्रयत्न आहे."

ती मान हलवत राहिली. बाहेर आल्यावर नम्रताला म्हणाली, "तुजा तो बगनारा हाय ना, सांग त्याला, डोला चांगला हाय. पन जरा आदी बगायचं होतं." नम्रता हसली आणि तिचा हात धरून चालायला लागली. मी मागून बघत होते. मला आठवली टोपलीत वाकून पाण्यात बघणारी पोर.

माघी पौर्णिमा आली. आदल्या संध्याकाळी बापदेवाच्या नावानं नारळ ठेवताना महिपतीनं विचारलं, "मंग टेंपो सांगायचा का ठमाबाय?" काकी म्हणाली, "नाय. पानी मोजायचं." महिपती माझ्या नवऱ्याकडे बघायला लागला, नवरा माझ्याकडे. आणि ती कुणाकडेच न बघता म्हणाली, "माजं जुनं माप हाय अजून गावात. रोहेकरीन हाय ना."

मी नाही म्हणायला तोंड उघडलं. मला पोहता येत नाही, मला खाडीची भीती वाटते. पण मी नाही म्हटलं, तर ती स्वतः उतरेल हे मला दिसत होतं. चिखल दिसत होता, सरकलेला पाय दिसत होता. आयुष्यभर मी काळजी करत काठावर बसले. या वेळी काठावर बसून भागणार नव्हतं.

पहाटे धुकं होतं. चंद्र तिवरांवर उतरला होता, पूर्वेला नुसती राख उजळल्यासारखं. गाव बांधावर, टोपल्या, पोरं, कुजबुज. ठमाकाकी विसाव्याच्या दगडाला हात लावून उभी, तिच्या दंडाला नम्रताचा हात. मी पाण्यात पाय घातला. थंडीनं श्वास अडकला.

"शिंपल्या लागतात का पायाला?" वरून तिचा आवाज.

"लागतात."

"मंग तितंच चाल. घोटा उचलू नको, सरकव. मिठागर तुडवल्यासारा."

मी सरकत गेले. गुडघा. मांडी. इथपर्यंतचं पाणी तिच्या ओळखीचं होतं. पुढचं आता मला ओळखायचं होतं. कंबर भिजली. मागे वळून बघायचा मोह झाला, बघितलं नाही. पायाखाली पट्टा जरासा खाली उतरल्यासारखा झाला, मग सपाट. मी थांबले. मध्य होता.

पाणी पोटाशी होतं. मी डोळे उघडे असल्याची खात्री करून घेतली आणि पुन्हा पाहिलं. लग्नाच्या वर्षी होतं तिथेच.

बांधावरून महिपतीची हाक आली, "कुठवर?"

मी ओरडले, "पोटाला."

मग बांधावरून माणसं उतरायला लागली, पाणी हलायला लागलं, आणि धुक्यातून टोपल्या माझ्या दोन्ही बाजूंनी तरंगत जायला लागल्या. सगळे जाईपर्यंत माप म्हणून उभं राहणं म्हणजे काय, हे मला तेव्हाच कळलं. ती इतकी वर्षं अशी उभी राहत होती, आणि आम्ही तिच्याकडे न बघता तिच्या शेजारून गेलो होतो. पुढच्या महिन्यात नम्रतानं माझीही तपासणी ठरवलीय. मी आधी कुरकुरले होते. तिथे उभी असताना ठरवलं, जाईन.

मग हिरामणची लहान होडी आली. वल्हं त्याच्या हातात, मध्ये जनूकाका, आणि पुढे ठमाकाकी, नैवेद्याची टोपली डोक्यावर नाही, मांडीवर घेऊन. होडी माझ्याजवळून जाताना तिनं हात लांब केला, तळहात आडवा धरून माझ्या डोक्यावर ठेवला आणि तसाच धरून ठेवला. होडी पुढे सरकायला लागली, तरी.

"थंडीनं वाकू नको गो," ती म्हणाली. "ताठ उबी राव. आजून मागं मानसं हायेत."